इंजिनाची टिकटिक: गॅरेजला जाण्याआधी काय तपासावं

गाडी न्यूट्रलला उभी आहे, एसी बंद, आणि बॉनेटखालून टिक-टिक येतेय. ॲक्सिलरेटर दिला की टिकटिकही भरभर होते. गॅरेजमध्ये याला सरसकट 'टॅपेट वाजतायत' म्हणतात. टॅपेट म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा, दाबून उघडणारे भाग. खरं तर कारणं बरीच असतात आणि त्यातली निम्मी किरकोळ. म्हणून फुकटातल्या तपासण्या आधी करा, खोलाखोल शेवटी.

पण त्याआधी एक खबरदारी. आवाज बारीक 'टिक' नसून जड 'ठक-ठक' असेल, खालून येत असेल आणि चढावर वाढत असेल, तर कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टनला क्रँकशाफ्टशी, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याशी, जोडणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगवर संशय घ्या. तसंच ऑइलचा लाल दिवा पेटला असेल तर इंजिन तिथल्या तिथे बंद करा. दोन्ही वेळी गाडी टो करूनच न्यायची. 'हळूहळू नेतो' म्हणून क्रँकशाफ्टचा खर्च ओढवून घेऊ नका.

ऑइल. गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा. डिपस्टिक काढून फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला आणि पुन्हा काढून बघा. ऑइल खालच्या खुणेला टेकलं असेल तर थोडं-थोडं ओतत, मोजत वर आणा. वरच्या खुणेच्या पुढे मात्र नको. ग्रेड, म्हणजे ऑइलच्या जाडीचा आकडा, मॅन्युअलमध्ये दिलाय तोच घ्या. ५डब्ल्यू-३० लागणाऱ्या इंजिनात २०डब्ल्यू-५० ओतलं की आवाज दबतो, हे खरं. पण ते जाड ऑइल सकाळी गार इंजिनात बारीक वाटांतून वर पोचायला वेळ लावतं, आणि तेवढा वेळ वरचे भाग कोरडे घासतात. गाडी विकायला काढलेले लोक ही युक्ती करतात, हेही जुनी गाडी घेताना लक्षात असू द्या.

रात्रभर उभ्या गाडीत सकाळी दोन-तीन सेकंदच टिकटिक होऊन थांबत असेल, तर ऑइल फिल्टर बघा. फिल्टरमधली झडप चांगली नसली की रात्रीतून ऑइल खाली उतरतं. स्वस्तातला डुप्लिकेट फिल्टर इथे हमखास सापडतो. काही इंजिनांत हायड्रॉलिक टॅपेट असतात. ते ऑइलच्या दाबावर चालतात आणि काळ्या, जुन्या ऑइलने अडकतात. ऑइल आणि फिल्टर बदलून काही दिवस गाडी चालवली की बरेचदा ते मोकळे होतात.

सीएनजी. गाडी सीएनजीवर असेल तर स्विच पेट्रोलवर टाका. टिकटिक गेली, तर ती गॅसच्या इंजेक्टरची, म्हणजे इंजिनात गॅस सोडणाऱ्या भागाची, होती. ते वाजतातच, विशेषतः बाहेरून बसवलेल्या किटमधले. पेट्रोलचे इंजेक्टरही शिलाई मशीनसारखे हलके, एकसारखे वाजतात. त्याला इलाज नाही, गरजही नाही.

आवाजाची जागा. लांब स्क्रूड्रायव्हर घ्या. टोक इंजिनच्या भागावर टेकवा, मूठ कानाच्या हाडाला लावा. ओढणी, सैल बाही, चेन आधी आवरा. पंखा आणि बेल्टपासून हात लांब, आणि इंजिन बंद असलं तरी इलेक्ट्रिक पंखा अचानक फिरू शकतो. व्हॉल्व्ह कव्हर (इंजिनावरचं वरचं झाकण), प्रत्येक इंजेक्टर, अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा भाग) असं एकेक ऐकत जा. जिथे आवाज टोचतो, तिथे गडबड.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाच्या) गॅस्केटमधून, म्हणजे जोडातल्या पट्टीतून, गळती असेल तर हुबेहूब टॅपेटसारखाच आवाज येतो आणि लोक उगाच हेड उघडतात. खूण अशी: गार इंजिनला जोरात, तापल्यावर धातू फुगून कमी. जोडाशी काजळीचा काळा पट्टा दिसतो. इथे नवं गॅस्केट लागतं, आणि नट कसताना जुने स्टड तुटू शकतात, म्हणून हे काम मेकॅनिककडेच द्या. सैल स्पार्क प्लगमधूनही दाब निसटून टिकटिक होते. प्लग घट्ट केला की संपलं.

टॅपेट सेटिंग. आवाज व्हॉल्व्ह कव्हरखालीच असेल आणि गाडी जुनी मारुती ८०० किंवा ओम्नी असेल, तर हे काम घरी जमतं. इंजिन पूर्ण गार हवं, शक्यतो सकाळी. कव्हर काढा. एक नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनला, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, वर आणा. पुलीची खूण जुळली पाहिजे आणि त्या सिलिंडरचे दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे छोटे दांडे) हाताने किंचित हलले पाहिजेत. हलत नसतील तर क्रँक आणखी एक पूर्ण फेरा फिरवा. मॅन्युअलमधल्या मापाची फिलर गेजची (फट मोजायच्या पातळ पत्र्यांच्या साधनाची) पात रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मधल्या फटीत घाला. ती किंचित अडखळत सरकली पाहिजे. नसेल तर लॉकनट सैल करा, स्क्रू फिरवा, स्क्रू धरून ठेवून नट कसा, आणि पुन्हा पात घालून बघा, कारण कसताना माप हलतं. मग फायरिंग ऑर्डरप्रमाणे, म्हणजे सिलिंडर पेटण्याच्या क्रमाने, १-३-२, पुढचा सिलिंडर वर आणा.

शंका असेल तर माप, म्हणजे ही फट, जरा सैल राहिलेलं चालेल, घट्ट नको. सैल टॅपेट वाजून कळवतो. घट्ट टॅपेट गुपचूप व्हॉल्व्ह जाळतो. सीएनजीवर व्हॉल्व्हची बैठक लवकर झिजून माप घट्ट होत जातं, म्हणून अशा गाडीत आवाज नसला तरी टॅपेट तपासून घ्या.

कव्हरचं गॅस्केट कडक झालं असेल तर नवं टाका, नाहीतर ऑइल झिरपेल. माप बरोबर असूनही एखादा टॅपेट वाजतच राहिला, तर रॉकरचं टोक किंवा कॅमचा (रॉकर हलवणाऱ्या फिरत्या दांड्याचा) उंचवटा झिजलाय. मग सेटिंगने भागणार नाही, तो भाग बदलावा लागेल.