ईव्ही-१ प्रकल्प जनरल मोटर्सने का सोडला, हे कसे तपासावे

जनरल मोटर्सने ईव्ही-१ ही विजेवर चालणारी मोटार का गुंडाळली, याचे एका वाक्यातले उत्तर शोधू नये. कोणी तेल कंपन्यांकडे बोट दाखवतो, कोणी गाडीला गिऱ्हाईकच नव्हते असे म्हणतो. पण दोघेही बहुधा तीन निराळे निर्णय एकत्र कालवतात. गाडी बनवायला घेतली का, १९९९ मध्ये उत्पादन थांबवले का, आणि भाडेकरारावर दिलेल्या गाड्या परत घेऊन चिरडल्या का, हे तीन प्रश्न आधी वेगळे मांडावेत.

मग तारखा क्रमाने लावाव्यात. ईव्ही-१ चा ‘इम्पॅक्ट’ हा आधीचा नमुना लॉस एंजेलिसच्या मोटार प्रदर्शनात जानेवारी १९९० मध्ये दिसला, तर मोठ्या कंपन्यांच्या विक्रीत १९९८ पासून २ टक्के, २००१ पासून ५ टक्के आणि २००३ पासून १० टक्के गाड्या धूररहित असाव्यात, हा कॅलिफोर्नियाच्या हवा संसाधन मंडळाचा नियम त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आला. त्यामुळे ‘केवळ नियमाच्या धाकाने गाडी बनली’ हे विधान जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. मात्र पुढचा क्रम बोलका आहे. मार्च १९९६ मध्ये मंडळाने २००३ पूर्वीचे टप्पे मागे घेतले, डिसेंबरमध्ये गाडी ग्राहकांच्या हाती गेली, २००२ मध्ये जनरल मोटर्स आणि डेमलर-क्रायस्लर यांनी नियमाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली, २००३ मध्ये मंडळाने नियम आणखी सैल केला आणि त्याच वर्षी कंपनीने प्रकल्प संपल्याचे सांगितले. नियमाचा दाब जसजसा उतरला, तसतसा कंपनीचा रसही उतरला, असे मला या क्रमावरून वाटते.

तांत्रिक कारण तपासताना बॅटरीच्या दोन पिढ्या वेगळ्या ठेवाव्यात. पहिल्या गाडीतील शिसे-आम्ल बॅटरीचे वजन ५०० किलोंहून अधिक होते आणि कंपनीच्या आकड्यांनुसार एका चार्जिंगमध्ये गाडी ७० ते ९० मैल धावे. १९९९ च्या गाडीत निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीचा पर्याय आला आणि हा पल्ला १०० मैलांच्या पुढे गेला. सुधारणा हाती आली त्याच वर्षी उत्पादन थांबले, ही गोष्ट ‘बॅटरीच निकामी होती’ म्हणणाऱ्यांनी नीट पाहायला हवी.

मागणीच्या दाव्याकडे अधिक काळजीने पाहावे. एकूण १,११७ गाड्या बनल्या आणि कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे त्यांतील सुमारे ८०० भाडेकरारावर गेल्या. हा आकडा छोटा आहे, यात शंका नाही. परंतु गाडी विकत मिळतच नव्हती. सुरुवातीला कॅलिफोर्निया आणि अ‍ॅरिझोना येथील सॅटर्न या जनरल मोटर्सच्याच ब्रँडच्या विक्रेत्यांकडे ती केवळ भाडेकरारावर मिळे. जी वस्तू विक्रीला ठेवलीच नाही, तिची मागणी विक्रीच्या आकड्यांनी कशी मोजणार? तरीही कंपनीची बाजू डावलू नये: दोनच आसने, आणि कंपनीने सांगितलेला एक अब्ज डॉलरहून अधिक खर्च. एवढ्या थोड्या गाड्यांवर तो कोणत्याही वाजवी किमतीला भरून निघाला नसता. उत्पादन थांबवण्याचे हे कारण मला खरे वाटते.

गाड्या चिरडण्याचे कारण मात्र त्यात सापडत नाही. पुरवठादारांनी सुटे भाग बनवणे थांबवल्याने दुरुस्ती आणि सुरक्षिततेची हमी देता येणार नाही, असे कंपनीने सांगितले. आता या कारणासमोर भाडेकरारावर गाडी वापरणाऱ्या चालकांचा प्रस्ताव ठेवावा. २००५ मध्ये कॅलिफोर्नियातील बरबँक येथे उभ्या असलेल्या ७८ गाड्यांसाठी त्यांनी १९ लाख डॉलर देऊ केले होते, आणि तो नाकारला गेला. काही गाड्या चालू न होतील अशा करून संग्रहालयांना व विद्यापीठांना दिल्या गेल्या. सुट्या भागांच्या अडचणीमुळे सेवा बंद करणे समजते. स्वतःच्या जबाबदारीवर गाडी घेऊ पाहणाऱ्याला नकार देणे त्याने समजत नाही. तिथे भविष्यातील न्यायालयीन दाव्यांची भीती हेच अधिक पटणारे कारण ठरते, आणि तरीही तो निर्णय क्रूर होता असे माझे मत आहे.

शेवटी साक्षी तपासताना त्यांची वेळ पाहावी. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख रिक वॅगनर यांनी २००६ मध्ये ईव्ही-१ बंद करणे आणि हायब्रिड गाड्यांकडे पुरेसे लक्ष न देणे ही आपली सर्वांत वाईट चूक मानली. तोवर टोयोटाच्या प्रियस या हायब्रिड गाडीने बाजारात पाय रोवले होते. त्यामुळे ही कबुली निर्णयाच्या परिणामांचा पुरावा म्हणून वापरावी, कारणांचा नव्हे.