चाळीचा मौखिक इतिहास विभागाने कसा नोंदवावा

मानव्यविद्या विभागाने समाजाकडे जायचे म्हणजे बाहेर जाऊन व्याख्यान द्यायचे, ही समजूत बहिःशाल (विद्यापीठाबाहेरच्या लोकांसाठीच्या) व्याख्यानमालांमुळे आपल्याकडे पक्की झाली आहे. त्या व्याख्यानांचे मोल आहेच. परंतु मुंबईत वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या) चाळींचा पुनर्विकास होऊन 160 चौरस फुटांच्या खोल्या नाहीशा होत असताना, तेथील माणसांचे ऐकून घेऊन ते नोंदवणे अधिक निकडीचे आहे.

सुरुवात विद्यापीठाच्या पत्राने करू नये. आधी चाळ कमिटी, गणेशोत्सव मंडळ आणि महिला मंडळ यांच्याकडे जाऊन, त्यांना काय नोंदवून ठेवावेसे वाटते ते विचारावे. विभागाला बहुधा 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेला गिरणी संप हवा असतो, तर रहिवाशांना कदाचित खानावळीविषयी किंवा भजनी मंडळाविषयी सांगायचे असते.

‘संपाचा तुमच्यावर काय परिणाम झाला?’ असे विचारल्यास वर्तमानपत्री उत्तर मिळते. ‘पगार थांबल्यावर घरातले आधी काय विकले?’ असे विचारल्यास माणूस बोलू लागतो. साचेखाते (गिरणीतील मागांचा विभाग), बदली (कायम कामगाराच्या जागी घेतलेला कामगार), खाडा (कामावरील गैरहजेरी) हे गिरणीतले शब्द विद्यार्थ्यांनी आधीच शिकून घ्यावेत. एका खोलीच्या घरात नवऱ्यासमोर बायको फारसे बोलत नाही आणि बोलली तरी तो मध्येच तिचे वाक्य पूर्ण करतो, म्हणून स्त्रियांच्या मुलाखती दुपारी किंवा समाजमंदिरात घ्याव्यात.

संमतिपत्र मराठीत असावे आणि ते वाचून दाखवावे. येथे एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे: पुनर्विकासात घर मिळणे पात्रतेवर अवलंबून असल्याने, कोण कोणत्या खोलीत केव्हापासून राहते याविषयी सहज निघालेले वाक्यही एखाद्या कुटुंबाला महागात पडू शकते. असा मजकूर सांगणाऱ्याला ऐकवून, त्याने म्हटल्यास काढून टाकावा.

मुलाखत उतरवताना मालवणी किंवा साताऱ्याकडची बोली ‘सुधारू’ नये. तासाभराच्या ध्वनिमुद्रणाला किमान चार-पाच तास लागतात, हे श्रेयांकांच्या वेळापत्रकात आधीच धरावे. नाहीतर सत्र संपते आणि निम्म्या मुलाखती कुणाच्या तरी मोबाइलमध्ये राहतात (हे वारंवार घडते).

चर्चासत्रात निबंध वाचण्यापूर्वी चाळीच्या पटांगणात निवडक भाग ऐकवावेत, चुका तेथेच दुरुस्त करून घ्याव्यात आणि प्रत्येकाला त्याच्या मुलाखतीची छापील प्रत, शक्यतो मोठ्या अक्षरांत, घरी नेऊन द्यावी.