प्लेटलेटची पिशवी बर्फात ठेवू नका: ती बनते कशी, टिकते कशी, न्यायची कशी

पावसाळा लागला की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी सगळीकडं डेंग्यूचे पेशंट वाढतात आणि आमच्या ब्लड बँकेच्या खिडकीवर तेच ऐकू येतं, "सर, प्लेटलेट पायजेत, आईस बॉक्स घेऊनच आलोय." तो बॉक्स गाडीतच राहू दे. प्लेटलेट म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या रक्तातल्या बारीक पेशी, डेंग्यूत त्या कमी होतात. लाल रक्त 2 ते 6 डिग्रीला फ्रीजमध्ये राहतं, प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पिवळसर पातळ भाग, उणे 30 ला गोठवून ठेवतात, पण प्लेटलेटला 20 ते 24 डिग्रीच लागतं. गार पडल्या की या पेशींचा आकार बदलतो, चपट्या असतात त्या गोल होतात आणि पेशंटच्या अंगात गेल्यावर लिव्हर त्यांना भराभर उचलून बाजूला काढतं, म्हणजे पिशवी चढवूनसुद्धा काउंट (रक्तातल्या प्लेटलेटची संख्या) जागचा हलत नाही.

आता बनवतात कशी ते सांगतो, म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. साध्या रक्तदानातून काढतात ती आरडीपी (रँडम डोनर प्लेटलेट). 350 किंवा 450 मिलीची पिशवी, तिला रिकाम्या पिशव्या नळीनं आधीच जोडलेल्या असतात, त्यामुळं सगळं काम बंदच्या बंद होतं, बाहेरची हवा लागत नाही. शीर एका टोच्यात सापडायला हवी आणि पिशवी आठ-दहा मिनिटांत भरायला हवी, रक्त थांबत थांबत आलं तर आत बारीक गुठळ्या होतात, मग त्या पिशवीतून आम्ही प्लेटलेट काढत नाही. डोनरनं 3 दिवसांत ॲस्पिरीन घेतलेली असेल तरीपण नाही, कारण त्या गोळीनं प्लेटलेट एकमेकींना चिकटायचं कामच बंद होतं, म्हणून डोकेदुखीची कुठली गोळी खाल्ली ते नाव घेऊन विचारा, नुसतं "औषध चालू आहे का" विचारलं की सगळे नाही म्हणतात.

पिशवी फ्रीजमध्ये न घालता 20-24 डिग्रीलाच ठेवायची आणि 6 तासांच्या आत, फार तर 8, सेंट्रीफ्यूजला, म्हणजे गरगर फिरवणाऱ्या मशीनला लावायची. पहिली फिरकी हलकी, लाल पेशी खाली बसतात, वर पिवळसर प्लाझ्मा राहतो आणि प्लेटलेट त्यातच असतात. तो प्लाझ्मा दुसऱ्या पिशवीत दाबून घ्यायचा, मग जोराची फिरकी, की प्लेटलेट तळाला बसतात. वरचा प्लाझ्मा काढून 50-60 मिली तेवढा ठेवायचा. इथं घाई करायची नाही, पिशवी तासभर तशीच आडवी पडू द्यायची, तळाचा थर आपला आपण सुटतो, लगेच चोळून मोकळा करायला गेलं की गुठळ्या पडतात. (काही ठिकाणी आधी जोराची फिरकी देऊन मधला पांढरट थर, म्हणजे बफी कोट, वेगळा काढतात, तीपण चांगली पद्धत आहे.)

त्यानंतर अजिटेटर. हे मशीन पिशव्या रात्रंदिवस हळूहळू डोलवत असतं. पिशवीचं प्लास्टिक वेगळं असतं, त्यातून ऑक्सिजन आत जातो, पिशवी हलत राहिली तर तो सगळ्या पेशींना मिळतो, निपचित पडली तर आत आम्ल साठतं, पीएच उतरतो आणि पेशी मरतात. पिशवी चांगली आहे का ते ट्यूबलाइटसमोर धरून हळू कलती करून बघायचं, चांगल्या प्लेटलेट असतील तर आत चंदेरी धूर वळल्यासारखा दिसतो, याला स्वर्लिंग म्हणतात. नुसतं पिवळं पाणी दिसलं, गुठळी दिसली किंवा पिशवी फुगलेली वाटली तर ती द्यायची नाही.

आयुष्य फक्त 5 दिवस. नॉर्मल टेंपरेचरला असल्यामुळं बॅक्टेरिया वाढायची भीती राहते, म्हणून एवढंच. त्यातच एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलीस, मलेरिया या टेस्टचा वेळपण जातो. म्हणून गणपती मंडळांच्या पोरांना मी कळकळीनं सांगतो, एकाच रविवारी शंभर पिशव्या गोळा केल्या की लाल रक्त महिनाभर कामाला येतं पण प्लेटलेट शुक्रवारपर्यंतच, पुढच्या आठवड्यातल्या पेशंटला काय द्यायचं? निम्मी पोरं मागं ठेवा, नाव, ग्रुप आणि फोनची लिस्ट करा. आणि कणकुंबी-जांबोटीसारख्या लांबच्या गावाकडं कॅम्प असेल तर ब्लड बँकेला आधीच सांगा, पहिला लॉट दुपारी बारालाच गाडीनं बेळगावला निघाला पाहिजे, संध्याकाळी भाषणं संपल्यावर सगळं एकदम पाठवलं तर त्यातून प्लेटलेट निघतच नाहीत.

त्या लिस्टमधले लोक एसडीपीसाठी (सिंगल डोनर प्लेटलेट, म्हणजे एकाच डोनरकडून मशीननं घेतलेल्या) लागतात. यात मशीन डोनरच्या रक्तातून फक्त प्लेटलेट काढून घेतं आणि बाकीचं रक्त परत देतं, तास-दीड तास लागतो. वजन 50 किलोच्या वर, काउंट दीड लाखाच्या वर आणि शीर ठसठशीत हवी. आदल्या रात्री तेलकट, मटणाचं जेवण नको, प्लाझ्मा दुधाळ होतो, पण उपाशीसुद्धा येऊ नका. मधेच ओठाला मुंग्या आल्या तर लगेच सांगायचं, मशीनमधल्या औषधानं कॅल्शियम कमी होतं, गोळी दिली की थांबतं. एक एसडीपी साधारण पाच-सहा आरडीपीएवढी, मोठ्या माणसाचा काउंट 30 ते 50 हजारानं वाढतो, एका आरडीपीनं 5 ते 10 हजार.

काउंट 40 हजार झाला म्हणून घाबरून धावू नका. डेंग्यूत रक्तस्राव नसेल आणि काउंट 10 हजाराच्या वर असेल तर बहुतेक वेळा प्लेटलेट लागतच नाहीत, ताप उतरल्यावर काउंट आपोआप चढतो, डॉक्टरांना शांतपणे विचारा.

पिशवी न्यायची वेळ आली तर साधा थर्माकोलचा डबा पुरे, आत बर्फ नाही, उन्हात डॅशबोर्डवर नाही, बाईकच्या डिकीत तर नाहीच. निपाणीहून कोल्हापूर किंवा मिरजेला पेशंट हलवला असेल तर फॉर्मवरचं नाव आणि हॉस्पिटलचा नंबर नीट जुळवा, कन्नडमधून इंग्लिशमध्ये लिहिताना स्पेलिंग बदलतं आणि तिथं खिडकीवर अर्धा तास जातो. वॉर्डात पोचलं की सिस्टरच्या हातातच द्या आणि फ्रीजमध्ये ठेवायची नाही हे तोंडानं सांगा, न लाजता. नवा फिल्टरवाला सेट लावून लगेच चढवायची, अर्ध्या-एक तासात संपते, 4 तासांच्या पुढं अजिबात नाही. चढवताना थंडी वाजली, अंगावर पित्त उठलं, दम लागला तर सिस्टरना हाक मारून बंद करायला सांगा आणि पिशवी सेटसकट ब्लड बँकेत परत पाठवा, कचऱ्यात टाकू देऊ नका, तपासणी त्यावरच होते.