जुन्या एमपीएफआय गाडीचं मिक्श्चर: स्क्रूला हात लावायच्या आधी हे बघा

जुनी एमपीएफआय गाडी (म्हणजे कार्बोरेटरऐवजी प्रत्येक सिलिंडरला इंजेक्टरने पेट्रोल देणारी) काळा धूर मारायला लागली किंवा अ‍ॅव्हरेज पडलं की गॅरेजमध्ये पहिलं ऐकू येतं, "मिक्श्चर (हवा आणि पेट्रोलचं प्रमाण) सेट करावं लागेल". कार्बोरेटरच्या गाडीत ते ठीक होतं. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल किती सोडायचं ते ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, सेन्सरवरून ठरवतो, सेन्सरच चुकीचं सांगत असेल तर स्क्रू फिरवून काय होणार, आणि बऱ्याच गाड्यांना मिक्श्चरचा स्क्रू नसतोच, थ्रॉटल बॉडीवर लोक जो फिरवत बसतात तो आयडलच्या (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालतं तेव्हाच्या) हवेचा असतो.

सीएनजी किट असेल तर सगळं चेकिंग पेट्रोलवर करा. एअर फिल्टर बघा, मग प्लग काढा. कोरडी काळी काजळी म्हणजे रिच (पेट्रोल जास्त), पांढराफटक म्हणजे लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त), फिकट तपकिरी असेल तर मिक्श्चरला हातच लावू नका.

रिच असेल तर थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) जागेवर आहे का ते आधी विचारा. ट्रॅफिकमध्ये गाडी तापते म्हणून आपल्याकडे तो सरळ काढून टाकतात, मग इंजिन नीट गरमच होत नाही, ईसीयूला वाटतं अजून थंडच आहे आणि तो जास्तीचं पेट्रोल सोडत राहतो. थर्मोस्टॅट काढणं मला खरंच पटत नाही, गाडी तापायचं कारण रेडिएटर नाहीतर फॅनमध्ये शोधायला हवं. इंजिनच्या पाण्याचं तापमान सांगणारा कूलंट सेन्सरपण मीटरने बघा, बहुतेक गाड्यांत थंड असताना दोनेक हजार ओहम आणि ८० डिग्रीला २०० ते ४०० ओहम येतो. पावसाळ्यात पाणी आणि खारी हवा लागून सॉकेटच्या पिना हिरव्या पडतात, त्या साफ केल्या तरी बऱ्याचदा काम होतं.

नंतर मॅप सेन्सरची (इंजिनच्या इनटेकमधला दाब मोजणाऱ्या सेन्सरची) बारीक रबरी नळी. टोकाला वाकवून बघा, तडे दिसले की बदला. ही नळी लीक झाली की ईसीयूला इंजिनवर लोड आहे असं वाटतं आणि मिक्श्चर रिच होतं, स्वस्तातली वस्तू आहे पण हिच्यामुळे लोक इंजेक्टर बदलून मोकळे होतात.

आता ऑक्सिजन सेन्सर, सायलेन्सरच्या पाईपवर बसून धुरातला ऑक्सिजन बघणारा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातला साधा डिजिटल मल्टिमीटर चालतो, २ व्होल्ट डीसीवर ठेवा, इंजिन पूर्ण गरम करा, गाडी मोकळ्या जागेत ठेवा, सोसायटीच्या बेसमेंटमध्ये अजिबात नाही, कार्बन मोनॉक्साइडने जीव जातो. सिग्नलच्या वायरला सॉकेटच्या मागून पिन लावून २००० ते २५०० आरपीएमवर रेस धरा, आकडा ०.१ ते ०.९ मध्ये सारखा वरखाली नाचला पाहिजे. ०.८ ला चिकटला तर रिच, ०.१ ला चिकटला तर लीन, नाहीतर सेन्सर मेलाय. लीन असेल तर व्हॅक्यूम पाईप, फ्युएल फिल्टर आणि पंपाचं प्रेशर बघा, आणि सायलेन्सर सेन्सरच्या आधी कुठे फुटला असेल तरी रीडिंग खोटंच लीन येतं.

हे सगळं ओके असेल आणि गाडी ऑक्सिजन सेन्सर नसलेली, फ्लॅपवाल्या एअर फ्लो मीटरची (आत येणारी हवा फ्लॅपने मोजणाऱ्या) जुनी इम्पोर्टेड असेल, तरच स्क्रू. तो मीटरवर ॲल्युमिनियमच्या टोपीखाली असतो. आधी हलक्या हाताने पूर्ण आत घेऊन किती आटे गेले ते लिहून ठेवा आणि परत तिथेच आणा. आत घेतला की बायपासची हवा कमी होते, मिक्श्चर रिच होतं, बाहेर घेतला की लीन. एका वेळी पाव आटाच, मग इंजिन स्थिर होऊ द्या. आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, इथेनॉलला हवा कमी लागते म्हणून अशी गाडी लीन चालते, तिला थोडं रिच करावं लागतं. ऑक्सिजन सेन्सरवाली गाडी हे स्वतःच बरंचसं सांभाळून घेते.

शेवटचं सेटिंग कानाने करू नका, गॅस अ‍ॅनालायझर लावून मॅन्युअलमधल्या सीओच्या (कार्बन मोनॉक्साइडच्या) आकड्यावर आणा. पीयूसीला बीएस २ आणि बीएस ३ पेट्रोल कारला आयडलवर सीओ ०.५ टक्के आणि एचसी (न जळलेलं पेट्रोल) ७५० पीपीएमपर्यंत चालतो, बीएस ४ ला ०.३ आणि २००.