सरकारी पब्लिक हेल्थमध्ये वरच्या पोस्टपर्यंत कसं पोचायचं

डॉक्टरकी झाली, आता सरकारी पब्लिक हेल्थमध्ये जायचंय, पुढे डायरेक्टर वगैरे व्हायचंय, तर सुरुवात कुठून करू असं ज्युनिअर्स सारखं विचारतात. पब्लिक हेल्थची पीजी करा, ती लागतेच, पण आधी तीन-चार वर्षं फील्डवर काढा. फील्ड न करता ऑफिसात येऊन बसलेला माणूस पहिल्याच मीटिंगमध्ये ओळखू येतो.

फील्डवर पहिली शिकायची ती लाइन लिस्ट, म्हणजे साथीतल्या प्रत्येक पेशंटची एकेका ओळीत नोंद. वय, पत्ता, पाणी कुठलं पितो, लक्षणं कधी सुरू झाली. साथीचा ग्राफ काढताना लक्षणं सुरू झाल्याची तारीख धरा, रिपोर्टची नको. मी रिपोर्टची धरली होती आणि दर सोमवारी केसेस उसळतायत असं साहेबांना छातीठोक सांगितलं, ते म्हणाले अरे बाबा, शनिवार-रविवार लॅब बंद असते!

मग लसीचा फ्रिज. २ ते ८ डिग्री सगळ्यांनाच पाठ असतं, तुम्ही तापमानाचा तक्ता बघा, महिनाभर सकाळी ४ संध्याकाळी ४, सुट्टीलापण ४, सगळं एकाच पेनानं, म्हणजे कोणीतरी एका बैठकीत भरलाय. ओरडू नका, कुपीवरचं लेबल बघा, आतला चौकोन बाहेरच्या गोलाइतका गडद झाला की कुपी बाद. हे लेबल फक्त उष्णतेचं सांगतं हां, लस गोठून गेली असेल तर त्यावर कळत नाही.

वर गेलात की स्टेथोस्कोप सुटतो आणि फाईल येते. इथेच भलेभले हुशार लोक अडकतात. नोट एका पानात बसवा: काय झालंय, किती जणांना धोका, काय करायचं, पैसे किती. सचिव डॉक्टर असतीलच असं नाही, त्यांना फॉर्म्युले नकोत, गोवराचा एक पेशंट इम्युनिटी नसलेल्या १२ ते १८ जणांना देतो म्हणा, फाईल हलते. १८५४ मध्ये लंडनला कॉलऱ्याच्या साथीत जॉन स्नो या डॉक्टरनं दूषित पाण्याच्या पंपाची दांडी स्वतः नाही काढली, मृतांची माहिती घेऊन स्थानिक समितीला पटवलं, दुसऱ्या दिवशी त्यांनी काढली. साथ तोवर ओसरायला लागली होती हेही त्यानं लिहून ठेवलं, हा प्रामाणिकपणा मला जास्त आवडतो.

आणि वरून तोंडी आदेश आला की त्याच दिवशी फाईलवर ‘चर्चेत ठरल्याप्रमाणे’ लिहून तारखेसकट सही ठोका.