५०० मीटर आले कुठून? नगररचनेच्या नव्या अभ्यासकांसाठी

आंतरराष्ट्रीय संस्था नगररचनेच्या कल्पना देशोदेशी कशा पोहोचवतात, हा विषय मी पदव्युत्तर प्रबंधासाठी घेतला आणि पहिले चार महिने केवळ सिद्धांत वाचण्यात घालवले. या विषयाकडे वळणाऱ्यांना मी उलट वाट सुचवेन: आपल्याच शहराच्या नियमावलीतला एखादा आकडा धरावा आणि त्याचा माग काढत जावे.

मी ५०० मीटर हा आकडा धरला. नागपूर मेट्रोच्या मार्गालगत दोन्ही बाजूंना एवढ्या पट्ट्यात वाढीव चटईक्षेत्र निर्देशांक (एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या तुलनेत किती बांधकाम करता येते ते गुणोत्तर) मिळतो. सार्वजनिक वाहतुकीच्या स्थानकांभोवती चालण्याजोग्या अंतरात दाट वस्ती उभारावी, या कल्पनेवरच्या (ट्रान्झिट ओरिएंटेड डेव्हलपमेंट, टीओडी) केंद्राच्या २०१७ च्या धोरणात हे अंतर ५०० ते ८०० मीटर आहे. आणखी मागे गेल्यास अमेरिकी नगररचनाकार पीटर कॅलथॉर्प यांनी १९९३ मध्ये मांडलेले, स्थानकापासून सरासरी २००० फुटांचे चालण्याजोगे अंतर सापडते. मधल्या काळात आयटीडीपी या शहरी वाहतुकीवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने या कल्पनेची गुण देणारी मोजपट्टी तयार केली, जागतिक बँकेने मार्गदर्शिका काढल्या आणि कल्पना आपल्याला मानवते का, हा प्रश्न मागे पडून ती किती पाळली, एवढेच मोजले जाऊ लागले. संस्थांचे खरे बळ मला कर्जापेक्षा या मोजपट्टीत दिसते.

अर्थात कर्जही आहेच. नागपूर मेट्रोला जर्मनीच्या केएफडब्ल्यू आणि फ्रान्सच्या एएफडी या विकासासाठी कर्ज देणाऱ्या सरकारी संस्थांनी कर्ज दिले; एएफडीचा सहभाग असलेल्या ‘मोबिलाइज युवर सिटी’ या शहरी वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय उपक्रमात कोची आणि अहमदाबादसोबत नागपूरही होते. म्हणून अशा प्रकल्पांतील सल्लागारांच्या कामाची व्याप्ती ठरवणारी कागदपत्रे आधी वाचावीत, कारण उत्तराची चौकट तिथेच आखलेली असते. (बाहेरचा साचा आपल्याला नवा नाही, १९३६ च्या कायद्याने नागपुरात आलेल्या सुधार प्रन्यासाआधी, म्हणजे शहर सुधारणेसाठीच्या सरकारी संस्थेआधी, मुंबईत १८९८ मध्येच तसा प्रन्यास झाला होता.)

कागद वाचून झाल्यावर मात्र चालावे. मे महिन्यातल्या एका दुपारी डोक्याला दुपट्टा गुंडाळून मी छत्रपती चौक स्थानकापासून ५०० मीटर चाललो आणि दर ५० मीटरला सावली आहे की नाही, याची नोंद केली. तो तक्ता मी संकोचाने परिशिष्टात टाकला होता. मार्गदर्शकांनी तो उचलून मुख्य प्रकरणात घ्यायला लावला.