भिंतीला हळदी, केशरी, वीटकरी रंग देण्याआधी

शेड कार्डवर आवडलेला हळदी रंग चारही भिंतींना लावला की डोळ्यांवर येतो. मोठ्या भिंतीवर उष्ण रंग गडद भासतो, शिवाय समोरासमोरच्या भिंतींचा रंग एकमेकींवर पडतो. म्हणून आवडलेल्या छटेहून एक-दोन पायऱ्या फिकी छटा घ्या आणि शक्यतो एकच भिंत रंगवा. लांबट खोलीत टोकाची भिंत वीटकरी केली तर ती पुढे आल्यासारखी वाटते आणि खोली आटोपशीर दिसते.

दिवे बदलायचे असतील तर रंग ठरवण्याआधीच बदला. ६५०० केल्व्हिनच्या (केल्व्हिन म्हणजे उजेडाच्या छटेचं माप; आकडा मोठा तितका उजेड निळसर) पांढऱ्या एलईडीखाली पिवळा हिरवट आणि वीटकरी मळकट दिसू लागतो; २७०० ते ३००० केल्व्हिनला दोन्ही खुलतात. पश्चिमेच्या खोलीत उतरतं ऊन मुळातच पिवळं असतं, तिथे केशरी भडक होतो. उत्तरेच्या निळसर उजेडात मात्र तो छान बसतो.

आता नमुना. दोन फूट बाय दोन फूट पांढऱ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारा. जुन्या भिंतीवर थेट लावू नका, कारण शेजारी हिरवा असेल तर लाल आहे त्याहून लाल दिसतो. पुठ्ठा सकाळी, दुपारी चारला, रात्री दिव्याखाली आणि तिन्हीसांजेला दिवा न लावता पाहा. ही शेवटची वेळ चुकवू नका: उजेड मंदावला की डोळ्याला लाल रंग निळ्याआधी काळवंडलेला दिसतो. पुर्किंये या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच हे टिपलं होतं. डाळिंबी भिंत संध्याकाळी उदास वाटते ती यामुळेच.

मग घरच्यांना विचारा, हा रंग पाहून काय आठवतं? शेंदरी म्हटलं की मारुती, भगवा म्हटलं की झेंडा आणि वारी, हळद-कुंकवाची जोडी म्हटली की लग्नघर. देवघराला शेंदरी शोभतो. झोपायच्या खोलीत तो सतत देवळाची आठवण देतो. चीनमध्ये लाल लग्नाचा, तर घानामध्ये शोकाचा रंग मानतात. घर भाड्याने द्यायचं असेल तर वीटकरी किंवा गेरू बरा, त्याला असा ठाम अर्थ चिकटलेला नाही.

गेरू आणि पिवडीच्या (पिवळ्या मातीच्या) जातीचे रंग लोहाच्या ऑक्साइडचे असतात. ते भिंत चांगली झाकतात आणि उन्हात सहसा विटत नाहीत. झगझगीत लिंबू-पिवळा आणि चटक लाल मात्र पारदर्शकतेकडे झुकतात, दोन हातांनंतरही पट्टे दिसतात. त्यांच्याखाली त्याच छटेचा बेस मारून घ्या आणि तिसऱ्या हाताची तयारी ठेवा. दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्या, पावसाळ्यात त्याहून जास्त. उरलेला रंग शेड नंबर आणि बॅच नंबर लिहून घट्ट झाकून ठेवा. पुढे डाग झाकायला नवा डबा आणला तर ठिगळ दिसतं.